मुंबईच्या वाटेवर मोटारीतला पिवळा दिवा



लागण नोंदीला शेतकी ऑफिसात येणारी मंडळी हल्ली उसाबरोबर मोटारीचंही विचारतात. नव्या गाड्यांत समोर एक पिवळा दिवा असतो, घोड्याच्या नालासारखा, मध्ये उद्गारचिन्ह. हा चाकातल्या हवेच्या दाबाचा दिवा. आपले लोक मुंबईला जातात ते परळला केईएम नाहीतर टाटा रुग्णालयात पेशंट घेऊन, किंवा गिरण्यांच्या काळापासून लालबाग-गिरगावात स्थायिक झालेल्या भाऊबंदांकडे. पहाटे पेशंट गाडीत बसवावा आणि नेमका दिवा पेटावा, मग निघावं की थांबावं?

दिवा कसा पेटतो ते आधी बघावे. लागून तसाच राहिला तर एखाद्या चाकात हवा कमी आहे. मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर दोष यंत्रणेत आहे. अशा वेळी हवा ठीक असेलही, पण गाडी ते सांगू शकत नाही. दोन्ही वेळा गेज लावल्याशिवाय द्रुतगती मार्गावर चढू नये. कमी हवेचे टायर वेगात तापते आणि फुटते.

हिवाळ्यात पुष्कळदा काहीच बिघडलेले नसते. तापमान दहा अंशांनी उतरले की दाब दीड-दोन पौंडांनी उतरतो. दुपारी तापल्या टायरात मोजून भरलेली हवा पहाटे कमी भरते. हवा नेहमी गार टायरात, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिल्याप्रमाणे भरावी. ट्रॅक्टरच्या टायरासारखे अंगठ्याने दाबून इथे चालत नाही!

काही गाड्यांत प्रत्येक चाकात व्हॉल्व्हच्या मागे सेन्सर असतो. त्याचा सेल पाच ते दहा वर्षांत संपतो. तो बहुधा बदलता येत नाही, सेन्सरच नवा घ्यावा लागतो. पंक्चर काढणाऱ्याला हे आधी सांगावे, नाहीतर पहारीच्या एका झटक्यात तो मोडतो. काही गाड्यांत सेन्सर नसतो. चाकांच्या फिरण्याच्या वेगावरून गाडी अंदाज घेते. तिथे हवा भरल्यावर किंवा चाके अदलाबदल केल्यावर पुस्तकात दिल्याप्रमाणे रीसेट करावे लागते. स्टेपनीत सेन्सर नसेल तर ती लावल्यावर दिवा लागणारच. त्याला बिघाड समजू नये.

गिरगावात ऑपेरा हाऊसजवळ मोटारीच्या सामानाची दुकाने आहेत. तिथे स्वस्त सेन्सर घेताना आपल्या मॉडेलचाच मागावा. अमेरिकेतला सेन्सर ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतो, आपल्याकडचे बहुतेक ४३३ वर. चुकीचा बसवला तर दिवा तसाच.

पावसाळ्यात दादरला हिंदमाताजवळ पाणी तुंबते, खड्डा दिसत नाही. रिमला मार बसला की हवा हळूहळू जाते, दिवा दुसऱ्या दिवशी लागतो. २०२० पासून ही यंत्रणा, ट्यूबलेस टायर आणि दुरुस्ती किट असलेल्या छोट्या गाडीला स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही. तेव्हा आपल्या डिकीत स्टेपनी आहे की नुसते किट, हे घरूनच बघून निघावे.