अस्तराची परीक्षा

ठाणे शहरातील नौपाडा ही जुनी आणि गजबजलेली वस्ती आहे. तेथील किराणा दुकानाच्या फळीवर दिवाळीच्या दिवसांतही आमरसाचे डबे मांडलेले दिसतात. उन्हाळ्यात काढलेला रत्नागिरीच्या हापूस आंब्यांचा रस अशा डब्यांतून सहा महिन्यांनी ताटात येतो, तरी तो आंबत नाही की नासत नाही. डबा उघडताच घरातील सर्वांचे लक्ष रसाकडे जाते. रिकाम्या डब्याकडे कोणी पाहत नाही. पण त्यात डोकावले, तर काही डबे आतून चांदीसारखे चकाकतात आणि काहींवर सोनेरी किंवा पांढरा पातळ थर दिसतो. हा थर म्हणजे डब्याचे अस्तर होय.

आंबट पदार्थ आणि धातू यांचे सख्य नसते, हे आपल्याकडील गृहिणींना पूर्वीपासून ठाऊक होते. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते. त्याची चव बिघडते आणि ते पोटात गेल्यास मळमळ व उलट्या होतात. म्हणून अशा भांड्यांना कल्हई करीत. कल्हईवाला भांडे भट्टीवर तापवी, त्यात नवसागराची पूड टाकी आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने आतून सर्वत्र पसरवी. मग अन्न आणि पितळ यांच्यामध्ये कथलाचा पातळ पडदा उभा राही.

डब्याचीही गोष्ट अशीच आहे. इ. स. १८१० मध्ये पीटर ड्यूरंड याने इंग्लंडमध्ये कथलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी डब्यात अन्न टिकविण्याचे पेटंट घेतले. मुलाम्यामुळे लोखंड गंजत नसे. परंतु आंबट अन्न कथलालाही हळूहळू खाते. म्हणून विसाव्या शतकात अनेक प्रकारच्या डब्यांना आतून कृत्रिम राळेचे अस्तर देण्यात येऊ लागले. एपॉक्सी ही त्यांपैकी फार वापरली गेलेली राळ होय.

अस्तर अन्नाचे धातूपासून रक्षण करते. मग अस्तरापासून अन्नाचे रक्षण कोणी करावे? राळ तयार होताना तिच्यातील काही सूक्ष्म कण एकमेकांशी न जोडता मोकळे राहतात. डबा बंद केल्यावर अन्नातील जंतू मारण्यासाठी तो चांगला तापवितात आणि पुढे कित्येक महिने साठवून ठेवतात. या काळात मोकळे कण अन्नात उतरू शकतात. या क्रियेला स्थलांतर असे म्हणतात. कळकलेले ताक जिभेला तत्काळ कळते; पण अस्तरातून उतरलेले अत्यल्प द्रव्य चवीवरून, वासावरून किंवा रंगावरून बहुधा कळत नाही. म्हणून येथे जिभेचे काम प्रयोगशाळेला करावे लागते. अशा परीक्षा करणाऱ्या संस्थांपैकी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था मुंबईत अंधेरी येथे आहे.

आमरसात साखर, आम्ल, तंतू आणि रंग असे अनेक घटक मिसळलेले असतात. त्यांतून बाहेरचे थोडेसे द्रव्य निवडून काढणे फार कठीण असते. यासाठी अन्नाच्या जागी साधे प्रतिनिधी द्रव योजितात. पाणीदार पदार्थांसाठी शुद्ध पाणी, आंबट पदार्थांसाठी ३ टक्के ॲसेटिक आम्ल, मद्यार्क असलेल्या पेयांसाठी १० टक्के मद्यार्क आणि तेलकट पदार्थांसाठी हेप्टेन नावाचा द्रव घेतात. ठरावीक क्षेत्रफळाचा नमुना या द्रवाच्या संपर्कात ठेवतात. नेहमीच्या तापमानाला दीर्घकाळ साठवायच्या पदार्थासाठी ४० अंश सेल्सिअस तापमानात १० दिवस, तर वाफेच्या दाबाखाली शिजविण्याच्या पदार्थासाठी १२१ अंशांवर २ तास, असे नियम आहेत. उष्णतेने स्थलांतर वेगाने होते; त्यामुळे दीर्घकाळात घडणारी गोष्ट थोड्या दिवसांत पाहता येते.

मुदत संपल्यावर द्रव आटवून कोरडा करतात आणि तळाशी उरलेला अवशेष अतिशय नाजूक तराजूवर तोलतात. नमुन्याला न लागलेला तेवढाच द्रवही तसाच आटवितात. त्याचा अवशेष पहिल्यातून वजा केला की अस्तरातून काय उतरले, त्याचे वजन मिळते.

भारतात २०१८ च्या नियमांनुसार प्लॅस्टिकच्या जातीच्या वेष्टनांतून एका किलोग्रॅम अन्नात ६० मिलिग्रॅमपेक्षा अधिक द्रव्य उतरता कामा नये. क्षेत्रफळाच्या हिशेबाने ही मर्यादा चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम आहे. या दोन आकड्यांचा मेळ सोपा आहे. १० सेंटिमीटर बाजूच्या घनाकृती पेटीत एक लिटर, म्हणजे सुमारे एक किलोग्रॅम पाणी मावते. तिच्या सहा बाजूंपैकी प्रत्येकीचे क्षेत्रफळ एक चौरस डेसिमीटर असते. सहा गुणिले दहा म्हणजे साठ! हे वजन तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढे भरते.

मात्र एकूण वजनावरून किती उतरले ते कळते. काय उतरले ते कळत नाही. एपॉक्सी राळ तयार करताना बिस्फेनॉल-ए हे द्रव्य वापरतात. शरीरातील एका संप्रेरकाप्रमाणे ते काही अंशी वागते. अशा द्रव्याचा शोध अधिक सूक्ष्म उपकरणांनी स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. युरोपातील तज्ज्ञांनी २०२३ साली बिस्फेनॉल-एची दैनिक मर्यादा आपल्याच २०१५ सालच्या मर्यादेच्या २०,००० पट कमी केली. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नाला स्पर्श करणाऱ्या वस्तूंत त्याच्या वापरावर बंदी घालणारा नियम केला. काल जे निर्धोक वाटत होते, ते नव्या ज्ञानाच्या प्रकाशात पुन्हा तपासावे लागले. आता अस्तरांसाठी दुसऱ्या राळा पुढे येत आहेत. त्यांनाही हीच परीक्षा द्यावी लागते.

डबा वापरणाऱ्यानेही थोडी दक्षता घ्यावी. चेपलेल्या डब्याचे अस्तर आतून तडकलेले असू शकते, म्हणून असा डबा घेऊ नये. फुगलेला डबा तर टाकूनच द्यावा. त्यात जंतू वाढलेले असण्याचा संभव असतो. डब्यातच अन्न तापवू नये आणि उघडल्यावर उरलेला रस काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून ठेवावा.

कल्हई झिजली की ती पुन्हा करून घेण्याची रीत घरोघरी होती. एकदा केली म्हणून तिच्यावर कायमचे विसंबून कोणी राहत नसे. डब्याच्या अस्तराची वारंवार होणारी परीक्षा हे त्याच सावधपणाचे आजचे रूप आहे.