फायनल का उडते?

हॅम रेडिओच्या 100 वॉटच्या संचाचे झाकण उघडले, की अ‍ॅल्युमिनियमच्या जाड हीटसिंकवर घट्ट बसवलेली ट्रान्झिस्टरची जोडी दिसते. आधीच्या टप्प्यांत घडलेल्या दुबळ्या सिग्नलला बळ देऊन अँटेनाकडे रवाना करायचे काम तिचे. हॅम मंडळी तिला ‘फायनल’ म्हणतात. संचात सर्वांत जास्त राबते ती हीच, आणि अँटेना बिघडला की पहिला मार खाते तीही हीच.

फायनलचे सर्किट 50 ओहमच्या भारासाठी आखलेले असते. 50 ओहमवर 100 वॉट म्हणजे सुमारे 71 व्होल्ट आणि 1.4 अँपिअर. अँटेना 100 ओहमचा निघाला, तर एसडब्ल्यूआर (स्टँडिंग वेव्ह रेशो, म्हणजे भाराची विसंगती दाखवणारे प्रमाण) 2 होतो आणि शक्तीचा नववा हिस्सा, म्हणजे 11 टक्के, परत फिरतो. ही परतलेली शक्तीच फायनलला जाळते, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. जाणारी आणि परतणारी लहर केबलवर एकमेकींत मिसळतात, आणि फायनलला 50 ओहमऐवजी भलताच भार दिसू लागतो. घात होतो तो इथे.

7.1 मेगाहर्ट्झवर नेहमीच्या पॉलिथिलीनच्या कोअ‍ॅक्स केबलची पाव तरंगलांबी सुमारे 7 मीटर भरते. एवढा तुकडा मध्ये आला, की टोकाचा 100 ओहम संचाला 25 ओहम भासतो. मीटरवर दोन्हींचा एसडब्ल्यूआर 2 च. पण व्होल्टेज तेवढेच राहिले, तर 25 ओहमवर करंट दुप्पट होतो आणि ट्रान्झिस्टर तापतो. करंट तेवढाच राहिला, तर 100 ओहमवर व्होल्टेज दुप्पट होते. विसंगती याहून मोठी असेल, तर व्होल्टेज ट्रान्झिस्टरची मर्यादा ओलांडून त्याला क्षणात निकामी करू शकते. आकडा एकच, मरण मात्र वेगवेगळे.

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ऑपरेटर दोन कपॅसिटर फिरवून भार जुळवून घेई. ताण वाढला तर अ‍ॅनोड लालबुंद होऊन इशारा देई. ट्रान्झिस्टर तेवढी सवड देत नाही. म्हणून आजचे संच परतणाऱ्या शक्तीवर सतत नजर ठेवतात आणि एसडब्ल्यूआर फार वाढला, की पॉवर आपोआप उतरवतात. काही एलडीमॉस ट्रान्झिस्टर तर चाचणीत 65:1 एवढा एसडब्ल्यूआरही सोसतात. तरी संरक्षण हा अपघातासाठीचा आधार आहे. त्याच्या भरवशावर बिघडलेला अँटेना रोज चालवणे चूकच.

मीटरही फसवतो. पावसाळ्यात कनेक्टरमधून पाणी शिरून केबल खराब झाली आणि तिच्यात एका दिशेने जाताना 3 डेसिबल शक्ती मुरू लागली, तर अँटेना पूर्ण तुटलेला असतानाही संचाजवळ एसडब्ल्यूआर फक्त 3 दिसतो. भार जुळवून देणाऱ्या ट्यूनरचेही तसेच. संचाशेजारचा ट्यूनर फायनलला 50 ओहम दाखवतो, पण पुढच्या केबलवरची विसंगती जशीच्या तशी राहते.

म्हणून नव्या हॅमना आग्रहाचे सांगणे: संच आधी डमी लोडवर (अँटेनाच्या जागी जोडायच्या 50 ओहमच्या भारावर) तपासा, अँटेना कमी पॉवरवर जुळवा, एसडब्ल्यूआर केबलच्या दोन्ही टोकांना मोजा, आणि पावसाळ्याआधी प्रत्येक कनेक्टर उघडून पाहा. पॉवर उतरली, तर फायनलवर संशय घेण्याआधी गच्चीवर जा. दोष बहुधा तिथेच सापडतो.