भावाच्या शोकास पुरावा

अपघातांत माणूस दगावला म्हणजे त्याच्या घरच्यांस भरपाई मिळावयाची, हें आज आपण गृहीतच धरतों. इंग्लंडांत इ. स. १८०८ मध्यें तसें नव्हतें. घोड्यांची प्रवासी गाडी उलटून एका गृहस्थाची पत्नी जखमी झाली व महिन्याभरानें इस्पितळांत वारली. लॉर्ड एलेनबरो यांनीं सांगितलें कीं, ती जिवंत होती तोंवरच्या पतीच्या हानीची भरपाई मिळेल; मनुष्याचा मृत्यु ही मात्र दिवाणी न्यायालयांत दाद मागण्याजोगी हानि नव्हे. म्हणजे हातपाय मोडणाऱ्यानें पैसे भरावे आणि जीव घेणाऱ्यानें खुशाल घरीं जावें!

आगगाड्या आल्यावर हें चालण्यासारखें नव्हतें. १८४६ च्या लॉर्ड कँबेल यांच्या कायद्यानें पति, पत्नी, आईबाप व मुलें यांच्यासाठीं भरपाई मागतां येऊं लागली. त्याच धर्तीचा कायदा १८५५ मध्यें हिंदुस्थानांत आला. पण भरपाई बुडालेल्या मिळकतीची, अश्रूंची नव्हे. तान्हें मूल गेलें तर हिशेबांत मांडावयास कांहींच उरत नसे. निव्वळ शोकाकरितां ठराविक रक्कम इंग्लंडांत १९८२ च्या कायद्यानें आली. जर्मनींत तर त्यास २०१७ साल उजाडावें लागलें. फ्रान्समध्यें शोक हीच हानि मानितात व नात्यांची यादीहि बांधलेली नाहीं. १९७० मध्यें तेथील वरिष्ठ न्यायालयानें विवाहावांचून सहवासांत राहिलेल्या स्त्रीसहि दार मोकळें केलें. आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, पडोत.

आप्ताच्या मृत्यूच्या धक्क्यानें जे स्वतःच आजारी पडतात, त्यांची गोष्ट याहून बिकट. १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्डच्या हिल्सबरो मैदानांत चेंगराचेंगरी झाली. मृतांची संख्या अखेर ९७ झाली. आप्तांचे दावे १९९१ मध्यें हाउस ऑफ लॉर्ड्सपुढें आले. मृताशीं प्रेमाचें निकट नातें हवें, घटनेच्या वेळीं किंवा तिच्या पाठोपाठ तेथें असावें, आणि सारें स्वतःच्या डोळ्याकानांनीं अनुभवलेलें असावें, असें ठरलें. दूरचित्रवाणीवर पाहिलेलें पुरेसें मानलें नाहीं. एकानें आठ तासांनंतर मेहुण्याचें प्रेत ओळखलें. त्यास उशीर झाला म्हणे. दुसरा मैदानांतच होता व त्याचे दोन भाऊ गेले. पण आईबापांचें प्रेम गृहीत धरतां येतें, भावांचें नव्हे. आणि त्याचा पुरावा पुढें आला नव्हता. दावा फेटाळला गेला. हें वाचतांना आम्ही क्षणभर थबकलों. शक्ति लागून पडलेल्या लक्ष्मणाजवळ रामानें केलेला विलाप ज्यांनीं कीर्तनांत ऐकला आहे, त्यांस हा पुरावा कसला, असेंच वाटेल.

अर्थात् आमच्या १८५५ च्या कायद्यांतहि भावाचें नांव नाहीं. मोटार अपघाताच्या एका खटल्यांत मात्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८७ मध्यें भावांचा भरपाई मागण्याचा हक्क मान्य केला. तेथें प्रश्न मनाच्या धक्क्याचा नव्हता, हें खरें. परंतु भारतीय कुटुंबांत भाऊ, बहिणी, पुतणेहि एकत्र राहतात व मिळवत्यावर अवलंबून असतात, हें न्यायमूर्तींनीं निकालांत नमूद केलें आहे.