लगूनमधला अर्धा दिवस : अगत्तीचे पाणी शांत का असते आणि त्यात कसे तरंगावे

अगत्ती हे लक्षद्वीपमधले सुमारे साडेसात किलोमीटर लांबीचे चिंचोळे बेट. पूर्वेला किनारा सोडला की थोड्याच अंतरावर समुद्र खोल होतो. पश्चिमेला मात्र दूरवर एक पांढरी रेघ दिसते. तिथे लाटा फुटत असतात. त्या रेघेच्या अलीकडे साडेसतरा चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेले उथळ, फिकट हिरवे पाणी म्हणजे अगत्तीचे लगून. सकाळी बोटीत बसायचे, या पाण्यात दोन-तीन ठिकाणी उतरून प्रवाळ आणि मासे पाहायचे आणि दुपारच्या जेवणाला परतायचे, अशी अर्ध्या दिवसाची सफर इथे करता येते. पोहण्यात फारसा हात नसलेल्यांनाही ती झेपते, कारण पाणी शांत असते. ही शांतता कुठून येते हे आधी समजून घेतले, तर सफरीतल्या एकेका सूचनेचे कारण आपोआप उलगडते.

भिंत कोणी बांधली

लाटा जिथे फुटतात तिथे पाण्याखाली प्रवाळभित्ती आहे. प्रवाळ हा प्राणी आहे. काही मिलिमीटरचे असंख्य जीव शेजारी शेजारी राहतात आणि पाण्यातला चुना घेऊन स्वतःभोवती सांगाडा रचतात. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. म्हणून अशा भित्ती उबदार, नितळ आणि ऊन पोचेल इतक्या उथळ पाण्यातच वाढतात.

भर समुद्रात अशी गोलाकार भित्ती कशी उभी राहते, याचे स्पष्टीकरण चार्ल्स डार्विनने १८४२ साली मांडले. ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचत जाते. त्याच्या कडेचे प्रवाळ उजेड सुटू नये म्हणून वर वर वाढत राहतात. शेवटी बेट बुडते आणि प्रवाळांचे कडे तेवढे पृष्ठभागाशी उरते. कड्याच्या आतले पाणी ते लगून.

भित्ती पृष्ठभागाच्या इतकी जवळ असणे महत्त्वाचे आहे. महाराष्ट्रासमोरच्या समुद्रातही विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला आंग्रिया बँक ही मोठी प्रवाळभित्ती आहे. कान्होजी आंग्रे यांचे नाव तिला मिळाले आहे. पण तिचा माथाच वीसेक मीटर खोल असल्याने लाटा तिच्यावरून निघून जातात आणि मागे शांत पाणी तयार होत नाही. अगत्तीची भित्ती वरपर्यंत आलेली आहे, म्हणून लाट तिच्यावर आपटून फुटते. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्रवाळभित्ती लाटांची सरासरी ९७ टक्के ऊर्जा शोषून घेतात. भित्ती जिवंत असेपर्यंत तिची झीज भरून निघते. ती मेली की झीज चालू राहते, भर थांबते.

फुटलेल्या लाटांचे पाणी भित्तीवरून आत येत राहते. ते बाहेर पडते भित्तीतल्या खिंडारांतून, म्हणजे बोटी ज्या वाटांनी आत-बाहेर करतात तिथून. ओहोटीला तर या वाटांत बाहेरच्या दिशेने चांगलीच ओढ असते. लगूनमध्ये पोहताना खरा धोका तिथे आहे, आणि चांगला बोटवाला या वाटांच्या आसपास कोणालाही पाण्यात उतरवत नाही.

भरती पाहून निघावे

लक्षद्वीपचा पर्यटन हंगाम ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत असतो. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की पश्चिमेकडे तोंड असलेली ही बाजू त्यांच्या थेट माऱ्यात येते. हंगामातही सकाळ चांगली. वारा कमी असतो, पाण्यावर खळखळ नसते आणि ऊन वर चढले की तळापर्यंत उजेड पोचतो.

त्याहून महत्त्वाची वेळ भरतीची. भरतीबरोबर बाहेरचे स्वच्छ पाणी आत येते आणि आपले पोट व प्रवाळाचा माथा यांत अंतर पडते. उतरण्याची उत्तम वेळ म्हणजे भरती पुरी होण्याच्या आधीचा तासभर आणि त्यानंतरची थोडी स्थिर वेळ. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी खूप उतरते, काही प्रवाळांचे माथे उघडे पडतात आणि पाण्याची ओढही वाढते. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, हा फरक कमी असतो आणि नवख्या माणसाला ते दिवस सोयीचे जातात. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा हिशेब मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा आहे. इथली वेळ इथल्याच कोष्टकावरून घ्यावी.

मालवणला किल्ल्याजवळ पाण्यात उतरलेल्यांना इथल्या नितळपणाचे नवल वाटते. कोकणच्या नद्या गाळ आणतात, लक्षद्वीपला एकही नदी नाही. शिवाय या पाण्यात पोषकद्रव्ये कमी, म्हणून तरंगते शैवालही कमी.

मास्क, नळी आणि फिन्स

डोळ्यांना पाण्यात स्पष्ट दिसण्यासाठी समोर हवेचा थर लागतो. तो मास्क देतो. मास्कमध्ये नाकही झाकलेले असते. थोडे खाली गेल्यावर दाबाने मास्क चेहऱ्यावर आवळला जातो, तेव्हा नाकाने जराशी हवा सोडली की तो सैल होतो. पोहण्याच्या गॉगलमध्ये ही सोय नाही, म्हणून तो इथे चालत नाही.

मास्क निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने श्वास आत ओढावा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर माप बरोबर. केस किंवा दाट मिशी कडेखाली आली की तिथून पाणी झिरपते. पट्टा करकचून आवळल्याने गळती थांबत नाही, उलट कड दुमडते. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून ती विसळून घ्यावी. ही जुनी रीत अजूनही सर्वांत खात्रीची आहे.

स्नॉर्कलची नळी साधारण पस्तीस ते चाळीस सेंटीमीटर असते. ती लांब करून खोल जाता येत नाही. एक मीटर खोलीवरच छातीवरचा पाण्याचा दाब इतका होतो की पृष्ठभागावरची हवा ओढून घेताना श्वासाचे स्नायू दमून जातात. नळीत दर वेळी थोडी वापरलेली हवा राहते आणि पुढच्या श्वासात तीच आधी आत येते. भराभर, उथळ श्वास घेतले तर ताजी हवा कमी मिळते आणि घाबरल्यासारखे होते. म्हणून श्वास सावकाश आणि खोल घ्यायचा. नळीत पाणी शिरलेच तर एक जोरदार फुंकर मारून ते बाहेर काढायचे.

हे सगळे कमरेइतक्या पाण्यात, वाळूवर उभे राहून आधी करून पाहावे. दहा मिनिटांचा हा सराव पुढचा सगळा वेळ सोपा करतो. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा दमा असलेल्यांनी प्रवासाआधीच डॉक्टरांशी बोलावे. नळीतून श्वास घेत हातपाय मारण्याचा ताण शांत पाण्यातही पडतोच.

पाण्यात उतरल्यावर

इंजिन पूर्ण बंद झाल्याशिवाय कोणीही उतरू नये. उतरावे ते वाळूच्या तळावर, प्रवाळापासून दूर, लाइफ जॅकेट घालून. सोबतीशिवाय पाण्यात राहू नये.

मग पालथे आडवे व्हायचे, चेहरा पाण्यात, नजर खाली. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असते, त्यामुळे शरीर सहज तरंगते. नवखा माणूस इथे एक गोष्ट हमखास करतो. गोंधळला की तो डोके वर काढतो. डोक्याचा चार-पाच किलोंचा भार पाण्याबाहेर आला की त्याला पाण्याचा आधार राहत नाही, मग पाय खाली जातात आणि माणूस उभा होतो. उथळ जागी ते पाय थेट प्रवाळावर येतात. पायांत फिन्स, म्हणजे पोहण्याची वल्ही, असतील तर आपली लांबी दोन वीत वाढलेली असते आणि मागे काय मोडले ते दिसतही नाही. यावर उपाय एकच : काही अडले तर आधी पाठीवर उलटे व्हावे, दोन श्वास घ्यावेत आणि मास्क नीट करावा. उभे राहायचेच असेल तर खाली वाळू आहे ना ते पाहावे.

फिन्स मांडीपासून, सावकाश हलवाव्यात. गुडघ्यातून मारलेल्या जोरदार लाथांनी वाळू उडते. ती प्रवाळावर बसली की त्याचा उजेड अडतो आणि ती झटकण्यात त्याची शक्ती खर्च होते. हात पोटाशी धरून ठेवावेत.

काय दिसते

आधी वाळू आणि समुद्रगवत लागते. हिरवी कासवे या गवतावर चरायला येतात. अगत्तीच्या लगूनमध्ये ती इतकी वाढली की त्यांच्या चरण्याने गवताची कुरणे विरळ झाली, हे संशोधकांनी नोंदवले आहे. कासव दिसले तर बाजूने, अंतर ठेवून पोहावे. त्याला श्वासासाठी वर यावे लागते, तेव्हा त्याच्या माथ्यावर तरंगत राहू नये.

पुढे प्रवाळांचे ढिगारे सुरू होतात. गोल, घुमटासारखे दिसणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. पुरुषभर उंचीचा घुमट शतकाहून जुना असू शकतो. फांद्यांचे प्रवाळ वेगाने वाढतात, पण तितक्याच सहज मोडतात. पाण्यात सगळे तिसऱ्या हिश्श्याने मोठे दिसते आणि जवळ भासते, कारण पाण्यातून काचेमागच्या हवेत येताना प्रकाशकिरण वाकतात.

पोपटमासा चोचीसारख्या दातांनी खडक खरवडतो. तो आवाज पाण्यात ऐकू येतो. खडकावरचे शैवाल तो खातो आणि चुन्याचा भुगा मागून टाकतो. लगूनमधल्या पांढऱ्या वाळूचा मोठा भाग असाच तयार झालेला आहे. समुद्रफुलाच्या शुंडकांत क्लाउनमासे राहतात. त्यांच्या गटातली सर्वांत मोठी मादी असते, ती मेली की तिच्या खालोखालचा नर मादी होतो. पाव किंवा बिस्किटे टाकून या माशांना जमवू नये. शैवाल खाणारे मासे खडक साफ ठेवतात आणि साफ खडकावरच नवे प्रवाळ रुजतात; आयते खाणे मिळाले की हे काम मागे पडते.

हात का लावायचा नाही

प्रवाळाचे जिवंत अंग म्हणजे सांगाड्यावरचा पातळ थर. बोटाच्या दाबाने किंवा टाचेने तो फाटतो आणि त्या जागी रोग किंवा शैवाल शिरते. आपल्यालाही खरचटते आणि ती जखम चिघळते. कायदाही स्पष्ट आहे : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आणि समुद्रकाकडी आहेत. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडाही घरी आणू नये.

पाठ उन्हाने भाजते, तेव्हा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घालावा. मग उन्हापासून वाचवणारे मलम फक्त चेहरा आणि हातांपुरते लागते. ऑक्सिबेन्झोन हे मलमांतले रसायन प्रवाळांना घातक ठरते, म्हणून पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून अशा मलमांच्या विक्रीवर बंदी घातली.

या भित्तींवर आधीच मोठा भार आहे. पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा अंशभर जास्त होऊन काही आठवडे टिकले, की प्रवाळ आतले शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पाणी लवकर थंडावले तर तो सावरतो, नाही तर उपासमारीने मरतो. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपमध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडले. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती इथल्या दोन दशकांहून जास्त काळच्या नोंदींनुसार जिवंत प्रवाळांचे आच्छादन १९९८ च्या सुमारच्या ३७ टक्क्यांवरून २०२२ पर्यंत १९ टक्क्यांच्या जवळ आले. समुद्राचे तापमान एका पर्यटकाच्या हातात नाही. पण सावरू पाहणाऱ्या प्रवाळावर त्याच वर्षी कोणाचा पाय आणि कोणाचा नांगर पडू नये, हे हातात आहे.

पैसे देण्याआधी विचारावे

बोट ठरवताना चार प्रश्न विचारावेत. भरती किती वाजता पुरी होते आणि आपण कधी उतरणार? नांगर वाळूत टाकता की बांधलेल्या बोयाला बोट लावता? पाण्यात आमच्यासोबत कोण असेल? आणि भित्तीतल्या वाटेपासून आपण किती दूर राहू? मोठा गट असेल तर किती माणसांमागे एक वाटाड्या, हेही विचारावे.

बेटावरच्या माणसांचे पोट याच पाण्यावर आहे. कुपा म्हणजे टुना पकडायला ते गळ टाकून जातात, तेव्हा लागणारे जिवंत बारके मासे लगूनमधल्या प्रवाळांच्या आसऱ्यातून धरले जातात. त्यामुळे भित्तीची काळजी घेणारे बोटवाले शोधले तर सापडतात. चारही प्रश्नांची उत्तरे ज्याच्याकडे तयार असतील, त्याचा दर थोडा जास्त असला तरी त्याच्याच बोटीत बसावे. आपल्या पैशाने नांगर वाळूत पडतो की प्रवाळावर, ते तिथेच ठरते.