जुन्या होडीचा जीर्णोद्धार : खर्च आणि मोल

काळी नदी जोयडा तालुक्यात डिग्गी गावाच्या परिसरात उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारनजीक अरबी समुद्रास मिळते. १९८०च्या दशकात सुपा येथे धरण पूर्ण झाले. जुने सुपा गाव जलाशयाखाली गेले, तालुक्याचे मुख्य ठाणे जोयडा येथे आले आणि डोंगरांच्या कुशीत पाण्याचे फाटे दूरवर पसरले. अशा ठिकाणी होडीने सहज गाठता येणारा पैलतीर रस्त्याने गाठावयाचा म्हणजे मोठा वळसा पडतो. म्हणूनच वाडवडिलांच्या वेळची एखादी लाकडी होडी झाडाखाली पडलेली दिसली, की ती दुरुस्त करून पुन्हा पाण्यात सोडावी, असे काठच्या माणसास वाटणे स्वाभाविक आहे. ही इच्छा स्तुत्य होय. परंतु तिला हिशोबाची जोड नसेल, तर पैसा खर्च होऊनही होडी काठावरच राहते.

प्रथम परीक्षा

लाकडी होडी कशाने खराब होते, हे आधी समजून घेतले पाहिजे. नदीमुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा शंखवर्गीय किडा असतो. गोड्या पाण्यात त्याचा उपद्रव नसतो; तेथे बुरशी हा मोठा शत्रू होय. उघड्या होडीत पावसाचे पाणी साचून राहिले आणि लाकूड वारंवार भिजत-सुकत गेले, म्हणजे ते आतून कुजू लागते. लोखंडी खिळे गंजले की त्यांच्याभोवतीचे लाकूडही काळे पडून पोचट होते.

परीक्षेची रीत सोपी आहे. टोकदार आरी लाकडात दाबावी. ती विनासायास आत गेली तर लाकूड कुजले असे समजावे. हातोडीने ठोकल्यास चांगले लाकूड खणखणीत वाजते, कुजलेले बद्द वाजते. तळाचा मुख्य वासा आणि आतील फासळ्या बहुतांशी शाबूत असतील, तर फळ्या एकेक करून बदलता येतात. परंतु वासा आणि फासळ्याच गेल्या असतील, तर जुन्या नावाखाली नवी होडी बांधण्याचाच तो प्रकार ठरतो.

खर्चाचा अंदाज

२० फूट लांब, १ फूट रुंद व १ इंच जाड अशा एका फळीस सुमारे १.६७ घनफूट लाकूड लागते. दहा फळ्या बदलावयाच्या झाल्यास १६.७ घनफूट. होडीच्या बाकदार अंगाप्रमाणे फळी कापताना बरेच लाकूड वाया जाते. त्यासाठी एक तृतीयांश भर धरल्यास २२ घनफुटांच्या आसपास लाकूड घ्यावे लागेल. या आकड्यास चालू दराने गुणले, म्हणजे लाकडाचा खर्च निघतो. लाकूड दांडेलीसारख्या वन खात्याच्या आगारातून किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडून रीतसर घ्यावे. तालुक्याचा मोठा भाग राखीव जंगलाचा व काळी व्याघ्र प्रकल्पाचा आहे. तेथील झाड विनापरवाना तोडणे हा गुन्हा आहे.

याखेरीज सुताराची मजुरी, खिळे, सांध्यांत भरावयाचा कापूस अथवा काथ्या, राळ आणि तेल हे खर्च असतातच. फळी उकलल्यावर आतील छुपी कूज उघडी पडते आणि मजुरीचे दिवस वाढतात. यास्तव अंदाजापेक्षा अधिक रक्कम हाताशी ठेवूनच काम आरंभावे. होडी तयार झाल्यावरही खर्च थांबत नाही. दरवर्षी तेलाचा हात, सांध्यांची तपासणी आणि पावसाळ्यात वारा खेळेल असे छप्पर, एवढे तिला हवेच.

मोठ्या जहाजांचा धडा

हाच नियम मोठ्या जहाजांसही लागू पडतो. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे १९९०पासून दहा वर्षांहून अधिक काळ तिचा जीर्णोद्धार चालला व त्यास सुमारे १ कोटी ५ लक्ष पौंड लागले. आज ती प्रेक्षकांसाठी खुली आहे. उलटपक्षी, १९९७ साली निवृत्त झालेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून राहिली. परंतु देखभालीचा कायमचा भार उचलण्याची व्यवस्था उभी राहिली नाही. अखेर सुमारे ६० कोटी रुपयांस ती विकली गेली आणि २०१४ साली तिची मोडतोड सुरू झाली. आपुलकी दोन्ही नौकांविषयी होती; पुढील तरतूद मात्र एकीच्याच वाट्यास आली.

मोल कशाचे?

एवढा खर्च करून हाती काय लागते, असा प्रश्न कुणी विचारील. गावाची वाहतूक सोयीची होते, हा एक लाभ. दुसरा लाभ कसबाचा. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ ही नौका भारतीय नौदलात दाखल झाली. तिच्या फळ्या प्राचीन पद्धतीने काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. त्या कामास केरळातील जुन्या कारागिरांचे हात मिळाले, म्हणूनच ती होऊ शकली. गावातील होडी दुरुस्त होत असता वृद्ध सुताराजवळ दोन तरुण बसले, तर ते ज्ञान पुढील पिढीस मिळते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना असे काम अवश्य दाखवावे.

सुरक्षितता सर्वप्रथम

जानेवारी २०१९मध्ये कारवारनजीक कूर्मगड बेटावरील जत्रेहून परतणारी नाव उलटून १६ जणांस प्राण गमवावे लागले. हे दुःख विसरता कामा नये. दुरुस्त होडीत माणसे बसविण्यापूर्वी ती काही दिवस पाण्यात ठेवून सांधे फुगू द्यावेत, गळती तपासावी आणि माणसांऐवजी वाळूची पोती भरून चाचणी घ्यावी. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ व त्याखालील नियमांनुसार नोंदणी आणि तपासणीबाबत संबंधित कार्यालयात चौकशी करावी. किती माणसे बसतील, तो आकडा होडीवर ठळक लिहावा आणि प्रत्येकास तरंगजाकीट द्यावे.

ज्या गावास होडीची गरज आहे, जिचा वासा शाबूत आहे आणि जिच्या वार्षिक देखभालीची जबाबदारी कुणीतरी नावानिशी स्वीकारली आहे, ती होडी अवश्य दुरुस्त करावी. या तिन्हींपैकी एकही गोष्ट नसेल, तर तो पैसा नव्या सुरक्षित होडीसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.