भीती लग्नाची की लोकांची?

लग्न म्हटलं की आपल्याकडे आनंदाच्या आधी भीती येते. मुलगी पंचविशीची झाली, अजून कुठे जमत नाही, याची भीती. मुलाला शेती आहे, घर आहे, पण नोकरी नाही म्हणून मुलगी मिळत नाही, याची भीती. जातीबाहेर गेली तर काय, हुंड्याचं काय, मानपानात कमी पडलं तर काय! मंगलाष्टकं संपून टाळ्या पडेपर्यंत मुलीच्या आईचा जीव थाऱ्यावर नसतो.

हे मी जवळून बघते, कारण गेली काही वर्षं मी आमच्या तालुक्यात सत्यशोधक पद्धतीनं लग्नं लावते. घर, बचत गट आणि महिला समुपदेशन केंद्र सांभाळून सुट्टीच्या दिवशी हे काम. भटजी नाहीत, पत्रिका नाही, हुंडा तर नाहीच. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला असं पहिलं लग्न लागलं. फुल्यांच्या मंगलाष्टकांत नवरी गप्प बसून राहत नाही. ती नवऱ्याकडे बायकांच्या हक्कांचं वचन मागते आणि तो सगळ्यांसमोर ते देतो. हा भाग आला की मांडवातल्या बायका पदर सावरून नीट ऐकायला लागतात, हे मी दर वेळी बघते.

मागच्या वर्षी दोन मुली माझ्याकडे आल्या. ओळख पटू नये म्हणून त्यांच्याबद्दल थोडंच सांगते. दोघी शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, जिल्ह्याच्या गावी एका खोलीत राहणाऱ्या. घरमालकाला वाटतं मैत्रिणी आहेत. एखादा मुलगा नि मुलगी असती तर त्यानं खोलीच दिली नसती! चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलल्या. मग त्यातली एक म्हणाली, "काकू, तुम्ही आमचं लग्न लावाल का?"

खरं सांगते, पोटात गोळा आला. बचत गटातल्या बायका काय म्हणतील? यांच्या दुकानावर कुणी दगड तर मारणार नाही? माझ्या लेकीला स्थळं येतील का? एका मिनिटात एवढं सगळं डोक्यात आलं. आणि लक्षात आलं, की यातली एकही भीती त्या मुलींची नव्हती. सगळ्या लोकांच्या होत्या.

मी त्यांना म्हटलं, "विधी करायला बंदी नाही. शपथ मी म्हणेन. पण या लग्नाची सरकारी नोंदणी होणार नाही, हे आधी समजून घ्या." कायदा काय म्हणतो ते मैत्रिणींनो, तुम्हालाही माहीत असावं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ३७७ कलमाबाबत निकाल दिला. दोन सज्ञान माणसांनी आपल्या मर्जीनं ठेवलेले समलिंगी संबंध तेव्हापासून गुन्हा राहिले नाहीत. पुढे लग्नाचा हक्क मागणाऱ्या याचिका आल्या. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं की लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि असा कायदा करायचा तर तो संसदेनं करावा. अशा जोडप्यांना निदान जोडीदार म्हणून मान्यता द्यावी, असं दोन न्यायमूर्तींचं मत होतं. तिघांनी ते मान्य केलं नाही. फेरविचाराच्या याचिकाही ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळल्या गेल्या. म्हणजे एकत्र राहणं गुन्हा नाही, पण लग्न म्हणून त्याला मान्यताही नाही.

नंतर काही दिवसांनी त्यातल्या एकीची आई केंद्रात आली. लेकीनं घरी सांगितलं होतं. दोन वर्षं आई स्थळं आणत होती आणि लेक प्रत्येकात खोट काढत होती, त्याचं कारण असं बाहेर आलं. "ताई, तुम्ही तिला समजवा. नाहीतर एखाद्या डॉक्टरकडे नेऊ, देवऋषीकडे नेऊ. लग्न झालं की होईल सगळं सुरळीत," आई रडत म्हणत होती.

मी तिला आधी पोटभर रडू दिलं. मग सांगितलं, की हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली. अशा मुलामुलींना 'बदलून देतो' म्हणणारा डॉक्टर भेटला तर ते वैद्यकीय व्यवसायातलं गैरवर्तन आहे, असं आपल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ साली स्पष्ट केलंय. देवऋषी तर पैसेही घेईल आणि पोरीला मारहाणही करेल.

आणि 'लग्न झालं की होईल सुरळीत' याचं उत्तर माझ्याकडे केंद्राच्या अनुभवातून होतं. आमच्याकडे एक बाई येत असत. लग्नाला बारा वर्षं झालेली. नवरा चांगला, मारत नाही, पीत नाही, पण बायकोला कधी जवळ केलं नाही. मूल नाही म्हणून सासू हिलाच वांझ म्हणायची. उपास झाले, नवस झाले, तपासण्या झाल्या, सगळ्या हिच्याच. शेवटी नवऱ्यानंच एक दिवस सांगितलं, की मला बायकांबद्दल तसं काही वाटतच नाही, घरच्यांच्या भीतीनं मी बोहल्यावर उभा राहिलो. त्याची एक भीती, आणि दोन माणसांची बारा वर्षं गेली. मी त्या आईला विचारलं, "वहिनी, तुमच्या मुलाऐवजी मुलगी आहे एवढाच फरक. तिचं जबरदस्तीनं लग्न लावलं तर एका परक्या मुलाचं वाटोळं तुम्ही करणार. त्याच्या आईला काय सांगाल?"

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "लोकांचं जाऊ द्या हो. पण आम्ही गेल्यावर हिचं कोण? आजारी पडली तर? म्हातारपणी?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न मात्र मला खरा वाटला. ही आईची काळजी आहे. लोकांची भीती वेगळी आणि लेकीची काळजी वेगळी, या दोन गोष्टी आपण एकात मिसळतो. आणि गंमत बघा, लग्नाला मान्यता मिळाली तर ही काळजी कमीच होणार आहे. आज त्या दोघींपैकी एक अचानक गेली आणि मृत्युपत्र नसलं, तर तिची मिळकत आई-वडिलांकडे आणि ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे जाईल. जिनं वीस वर्षं संसार केला, दुखणंखुपणं काढलं, तिचा कागदोपत्री काही संबंध नाही. 'तिचं कोण?' या प्रश्नाचं उत्तर घरात असतं, पण कायद्याच्या वहीत नसतं. म्हणजे ज्या काळजीपोटी आई विरोध करते, तीच काळजी खरं तर या हक्काच्या बाजूनं बोलते.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर काय करता येतं, ते मी त्या दोघींना कागदावर लिहून दिलं. दोघींचं बँकेत संयुक्त खातं काढता येतं आणि जोडीदाराचं नॉमिनी म्हणून नाव लावता येतं. त्याला आडकाठी नाही, हे अर्थ मंत्रालयानं २८ ऑगस्ट २०२४ रोजी कळवलंय. रेशनकार्डासाठी अशा जोडप्याला एकाच घरातले समजावं, असंही केंद्रानं राज्यांना कळवलंय. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर करता येतं. त्याला स्टँप लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे, मानसिक आजाराच्या उपचारांत आपल्या वतीनं कुणी बोलायचं ते आधी लिहून ठेवता येतं. ती व्यक्ती नात्यातलीच असावी असं बंधन नाही. विधीच्या आधी हे सगळे कागद करा, असं मी त्यांना बजावलं. हार-फुलं काय, कधीही आणता येतात.

'पण आपली संस्कृती?' असं काही जणी विचारतील. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या बालविधवेशी लग्न केलं, तेव्हा मुरुडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. विधवाविवाहाचा कायदा १८५६ लाच झाला होता, म्हणजे कायदा होऊन सदतीस वर्षांनीही गाव घाबरलेलंच होतं! तेव्हाही संस्कृती बुडणार असंच म्हणत होते. आज तेच कर्वे आपल्याला भारतरत्न म्हणून ठाऊक आहेत आणि घरातल्या तरुण विधवेचं पुन्हा लग्न व्हावं असं आपणच म्हणतो. जगात नेदरलँड्सनं १ एप्रिल २००१ पासून समलिंगी विवाहाला मान्यता दिली, थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून असा कायदा आहे. तिथले बाकीचे संसार काही मोडले नाहीत.

त्या आईनं अजून होकार दिलेला नाही. पण तिनं स्थळं आणणं थांबवलंय आणि दिवाळीत दोघींना फराळाला बोलावलं होतं, असं लेकीनं मला फोनवर सांगितलं. माझ्यासाठी एवढंही पुष्कळ आहे. कागद पूर्ण झाले, दोघी तयार झाल्या, की शपथ म्हणायला मी जाणार. यांनाही सांगून ठेवलंय. "दुकानाचं मी बघतो, तू जा," एवढंच ते म्हणाले.

तुमच्या घरात, शेजारात, नात्यात एखादी मुलगी किंवा मुलगा दर स्थळाला नाही म्हणत असेल, तर लगेच 'डोक्यात हवा गेलीय' म्हणू नका. तारीख धरायची घाई करू नका. एकदा जवळ बसवा, दार लावून घ्या, 'का रे बाबा?' एवढंच विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. उत्तर काहीही असू शकेल. पण ते आईसमोर निर्भयपणे सांगता आलं, तर पुढची निम्मी लढाई त्या लेकरानं जिंकलीच म्हणून समजा.