परळच्या मतदारसंघाची कुळकथा

मतदारसंघ म्हणजे काय, असा प्रश्न वर्गांत विचारला तर मुलें नकाशाकडे बोट दाखवितात. हें उत्तर चुकीचें नाहीं. पण तें अपुरें आहे. नकाशावरील रेघेनें मतदार कोण एवढेंच ठरतें. त्या मतदाराच्या हातांत किती मतें द्यावयाचीं, तीं त्यानें कशीं वांटावयाचीं, मोजणीच्या वेळीं कोणतीं धरावयाचीं आणि कोणतीं बाद करावयाचीं, ह्या गोष्टी नकाशांत दिसत नाहींत. त्या कायद्याच्या कलमांत दडलेल्या असतात. निवडणुकीचा निकाल पुष्कळदां उमेदवाराच्या गुणांइतकाच ह्या कलमांनींही लागतो. हें कसें घडतें तें मुंबईंतील परळ-लालबाग ह्या एकाच वस्तीच्या इतिहासावरून श्रोत्यांपुढें मांडण्याचा माझा विचार आहे.

परळ ही एके काळीं गव्हर्नरसाहेबांच्या निवासाची जागा होती. ज्या वाड्यांत मेजवान्या झडत, त्याच वाड्यांत पुढें १८९९ सालीं डॉ. हाफकिन यांची प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली. तोंवर भोंवतालीं गिरण्यांचीं धुराडीं उभीं राहिलीं होतीं. कोंकणांतून आणि घाटावरून माणसें आलीं, चाळींत राहिलीं, आणि खाणावळींतील जेवणावर दिवस काढून गांवाकडे मनिऑर्डरी करूं लागलीं. पोयबावडीच्या सुधार ट्रस्टच्या चाळींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. १९२४ सालीं स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचें कार्यालय परळच्याच दामोदर हॉलमध्यें होतें. म्हणजे पुढें येथून निवडणुकीस उभे राहिलेले आंबेडकर हे बाहेरून आणून बसविलेले उमेदवार नव्हते. वस्तीतलेच गृहस्थ होते.

परंतु ही वस्ती एकजिनसी होती असें मात्र समजूं नये. गिरणींत साचेखात्यांत पगार अधिक. आणि तेथें अस्पृश्य कामगाराला प्रवेश नाहीं. कारण असें सांगत कीं, धोट्यांत नवी कांडी भरली म्हणजे सुताचें टोंक तोंडानें ओढून घ्यावें लागतें, आणि अस्पृश्याच्या ओठांनीं ओढलेलें सूत इतरांना चालणार नाहीं! १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळीं आंबेडकरांनीं हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढें उघडपणें मांडला. मालकाविरुद्ध एक, पण साच्यापाशीं दोन, अशी ही कामगारांची स्थिति होती. पुढील सर्व निवडणुकांचें बीज मला येथें दिसतें.

आतां कायद्याकडे वळूं. १९३२ च्या सप्टेंबरांत पुणें करार झाला. अस्पृश्यांसाठीं स्वतंत्र मतदारसंघ न ठेवतां संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा ठेवण्याचें ठरलें. उमेदवार अस्पृश्य वर्गाचा, पण त्याला मत सर्वांनीं द्यावयाचें. त्याआधीं केवळ अस्पृश्य मतदारांनीं प्राथमिक निवडणूक करून चार नांवें पुढें पाठवावीं, अशीही तरतूद होती. १९३५ च्या कायद्यानें ही व्यवस्था अमलांत आली. मताचा हक्क फारतर लोकसंख्येच्या सातव्या हिश्श्याला मिळाला होता. मिळकत, भाडें, शिक्षण ह्यांच्या कसोट्या होत्या. आणि जेथें एका खोलींत दहाजण पाळीपाळीनें झोंपत, तेथें भाडेपावती एकाच्याच नांवावर असणार हें उघड आहे.

ह्याच कायद्याखालीं मुंबई इलाख्यांत एकाहून अधिक जागा असलेल्या मतदारसंघांत मतदानाची एक निराळी रीत होती. जितक्या जागा तितकीं मतें प्रत्येक मतदाराला मिळत, आणि तीं सगळीं एकाच उमेदवाराला देण्याची त्याला मुभा असे. ह्याला आपण संचित मतदान म्हणूं. ह्या रीतीचें मर्म फळ्यावरच्या एका हिशेबानें चट्कन ध्यानांत येईल. श्रोत्यांनीं मनांतल्या मनांत आंकडे धरावे.

समजा, एका मतदारसंघांत तीन जागा आहेत व हजार मतदार आहेत. त्यांतील तीनशें एका बाजूचे व सातशें दुसऱ्या बाजूचे. तीनशें लोकांनीं आपलीं तिन्ही मतें एकाच उमेदवाराला दिलीं तर त्याला नऊशें मतें पडतात. उरलेल्या सातशें लोकांपाशीं एकंदर एकवीसशें मतें. आपल्या तीन उमेदवारांना नऊशेंच्या वर न्यावयाचें तर त्यांना सत्तावीसशेंहून अधिक मतें लागतील. तेवढीं त्यांच्यापाशीं नाहींत. म्हणून तीनशेंचा एक माणूस निवडून येणारच. आतां नियम बदला. मतें तीनच, पण एका उमेदवाराला एकाहून अधिक मत द्यावयाचें नाहीं. मग तीनशेंच्या उमेदवाराला फारतर तीनशें मतें, आणि सातशेंच्या तिन्ही उमेदवारांना सातशें सातशें. तिन्ही जागा गेल्या! बरें, एक जागा राखीव ठेवली तरी काय होतें? सातशेंनीं आपल्या पसंतीचा राखीव उमेदवार उभा केला कीं त्याला सातशें मतें पडतात, आणि तीनशेंचा विश्वास ज्याच्यावर आहे तो मागें राहतो. जागा त्या वर्गाची राहते. माणूस त्या वर्गाच्या पसंतीचा राहीलच असें नाहीं. मतदार तेच, संख्या तीच. केवळ कलम बदललें.

१९३७ च्या फेब्रुवारींत भायखळा-परळ मतदारसंघांत ह्या संचित पद्धतीनें मतदान झालें. आंबेडकरांनीं आदल्या वर्षीं स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला होता. नांवांत जात नव्हती, मजूर होता. परळसारख्या वस्तींत हें नांव विचारपूर्वकच घेतलेलें दिसतें. काँग्रेसनें त्यांच्याविरुद्ध पाळवणकर बाळू यांना उभें केलें. बाळू म्हणजे डावऱ्या हाताचे नामांकित गोलंदाज. १९११ सालीं हिंदी संघाबरोबर विलायतेस जाऊन त्यांनीं त्या दौऱ्यांत शंभरांहून अधिक गडी बाद केले होते. तेही अस्पृश्य मानलेल्या जातींतीलच, आणि तरुण आंबेडकरांना त्यांच्याविषयीं अभिमान वाटत असे. अशा दोन माणसांना एकमेकांसमोर उभें राहावें लागावें, हा मला ह्या निवडणुकींतील सर्वांत खिन्न करणारा भाग वाटतो. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मतें पडलीं. अंतर दोन हजारांचें. मात्र येथें एक गोष्ट विसरूं नये: संचित पद्धतींत मतांचा आंकडा हा मतदारांचा आंकडा नव्हे. एका निष्ठावंत मतदाराचीं सारीं मतें एकाच पारड्यांत पडूं शकत होतीं, आणि अनुयायांची अशी निष्ठा आंबेडकरांपाशीं भरपूर होती.

निवडून आल्यावर त्यांनीं विधानसभेंत खोती नष्ट करण्याचें बिल आणलें. परळच्या कोंकणी कामगाराला त्याचें महत्त्व समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्याचें घर खोताच्याच गांवांत होतें. १९३८ सालीं खेर मंत्रिमंडळानें औद्योगिक तंट्यांचें बिल आणलें, तेव्हां संपाच्या हक्कावर गदा येते म्हणून आंबेडकरांचा पक्ष आणि कम्युनिस्ट हे एकत्र आले व ७ नोव्हेंबर १९३८ रोजीं दोघांनीं मिळून एक दिवसाचा संप घडविला. साच्यापाशीं दोन झालेले कामगार त्या दिवशीं एक झाले. पण हें ऐक्य टिकलें नाहीं.

मधल्या काळाबद्दल थोडक्यांत सांगतों. १९३९ मध्यें मंत्रिमंडळानें राजीनामा दिला, युद्ध आलें, आणि १९४६ च्या प्रांतिक निवडणुकींत आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला फारसें यश मिळालें नाहीं. घटना समितींत आंबेडकर गेले ते प्रथम बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्यानें. मुंबईनें त्यांना १९४७ सालीं पाठविलें.

नवी राज्यघटना आली. प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मत मिळालें. भाडेपावतीचा प्रश्न मिटला. ही गोष्ट एवढी मोठी होती कीं, तिच्या छायेंत दुसरा एक बदल झाकून गेला. १९५१ च्या कायद्यानें दोन जागांचे मतदारसंघ ठेवले, मतदाराला दोन मतेंही दिलीं. परंतु एका उमेदवाराला एकाहून अधिक मत द्यावयाचें नाहीं असें ठरविलें. म्हणजे आपल्या फळ्यावरचा दुसरा हिशेब.

१९५२ च्या आरंभीं उत्तर मुंबई शहर ह्या लोकसभेच्या दुहेरी मतदारसंघांतून आंबेडकर उभे राहिले. मतदारसंघ आतां इलाख्याच्या सभेचा नसून लोकसभेचा होता आणि पुष्कळ मोठा होता. फेडरेशनची समाजवाद्यांशीं युति होती: आंबेडकरांच्या मतदारानें दुसरें मत अशोक मेहतांना द्यावें, मेहतांच्या मतदारानें दुसरें मत आंबेडकरांना. काँग्रेसतर्फे सर्वसाधारण जागेसाठीं वि. बा. गांधी व राखीव जागेसाठीं नारायण सदोबा काजरोळकर होते. कम्युनिस्टांचे श्रीपाद अमृत डांगेही मैदानांत होते. त्या वेळीं प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली पेटी निराळी असे, आणि मतपत्रिकेवर कांहीं खूण करावी लागत नसे. ती पेटींत टाकली कीं झालें. एकाच मतदाराच्या दोन्ही पत्रिका एका पेटींत सांपडल्या तर एक मोजीत, दुसरी बाद. म्हणजे ज्याला केवळ आपल्याच माणसाचें हित पाहावयाचें आहे, त्यानें दुसरी पत्रिका त्याच पेटींत टाकून फुकट घालवावी, ही युक्ति उघडच होती. मराठींत तिला मतें कुजविणें असें नांव पडलें.

काजरोळकरांना १,३८,१३७ आणि आंबेडकरांना १,२३,५७६ मतें पडलीं. फरक १४,५६१ चा. आंबेडकर व मेहता ह्या दोघांनीं मिळून निवडणुकीविरुद्ध अर्ज केला. त्यांत ७४,३३३ मतें बाद झाल्याची तक्रार होती, आणि कम्युनिस्टांनीं मतें कुजविण्याचा प्रचार केला असा आंबेडकरांच्या बाजूचा आरोप होता. निकाल बदलला नाहीं. बाद मतांची संख्या पराभवाच्या अंतराच्या पांचपटीहून अधिक भरते, ही गोष्ट डोळ्यांत भरणारी आहे. तरी तीं सारीं मतें आंबेडकरांचींच झालीं असतीं असें म्हणणें हिशेबाला धरून होणार नाहीं. काँग्रेसची लाट त्या वर्षीं देशभर होती. मला वाटतें तें एवढेंच, कीं १९३७ ची रीत असती तर अनुयायांना दोन्ही मतें बाबासाहेबांना देतां आलीं असतीं, आणि मत कुजविण्याचें प्रयोजनच कोणाला उरलें नसतें.

दोन वर्षांनीं, १९५४ सालीं, भंडारा येथील दुहेरी पोटनिवडणुकींत हाच खेळ पुन्हां झाला. अशोक मेहता निवडून आले, आंबेडकर पडले. दुसरें मत कोणाला न देण्याची सूचना कार्यकर्त्यांनीं केली होती. आंबेडकरांनीं ती मानली नाहीं. ज्यानें घटना लिहिली त्यानें मत फुकट घालविण्यास सांगावें, हें त्यांना पटण्यासारखें नव्हतें.

पुढची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. १९५७ च्या निवडणुकीस आंबेडकर हयात नव्हते. संयुक्त महाराष्ट्राचें आंदोलन पेटलें होतें, आणि समितीच्या झेंड्याखालीं कम्युनिस्ट व फेडरेशन एकत्र आले होते. गिरणगांव ज्यांत मोडत होतें त्या मध्य मुंबईच्या दुहेरी मतदारसंघांतून डांगे आणि फेडरेशनचे जी. के. माने असे दोघेही निवडून आले. पांच वर्षांपूर्वीं एकमेकांचीं मतें कुजविल्याचे आरोप जेथें झाले, तेथें आतां एकाचें दुसरें मत दुसऱ्याच्या पेटींत इमानानें पडलें. बाबासाहेबांना मिळाली नाहीं ती साथ त्यांच्या पक्षाला त्यांच्या मागें मिळाली.

दुहेरी मतदारसंघांचा शेवट मात्र परळहून फार दूर, आंध्रांत, ठरला. १९५७ सालीं पार्वतीपुरम् येथें राखीव जागा भरल्यावर सर्वसाधारण जागेवरही अनुसूचित जमातीचाच उमेदवार अधिक मतें घेऊन आला, आणि व्ही. व्ही. गिरींसारखे मातबर पुढारी पडले. सर्वोच्च न्यायालयानें १९५९ सालीं तो निकाल कायद्यास धरून असल्याचें सांगितलें. १९६१ सालीं संसदेनें कायदा करून दोन जागांचे मतदारसंघच मोडले. गिरींच्या पराभवामुळेंच हें झालें असें नाहीं, तरी त्या निकालानें पुष्कळांची झोंप उडविली असावी! १९६२ पासून सर्वत्र एक जागा, एक मतदार, एक मत.

एकेरी मतदारसंघाचा स्वभाव निराळा. तेथें दुसरें मत नाहीं, म्हणून तडजोडही नाहीं. १९६७ सालीं परळमधून विधानसभेवर गेलेले कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा ५ जून १९७० च्या रात्रीं लालबागेंत खून झाला. त्या खटल्यांत कांहीं शिवसैनिकांना शिक्षा झाल्या. ऑक्टोबरांतील पोटनिवडणुकींत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या. समोर शिवसेनेचे वामनराव महाडिक. महाडिकांना ३१,५९२ व सरोजिनीबाईंना २९,९१३ मतें पडलीं. १,६७९ मतांच्या अंतरानें शिवसेनेचा पहिला आमदार विधानसभेंत गेला. जवळजवळ तीस हजार मतदारांच्या वाट्याला कांहींच आलें नाहीं. एकेरी पद्धतींत तें तसेंच असतें. लाल बावट्याचा परळ त्या दिवशीं संपला असें पुष्कळजण म्हणतात. मला तें अर्धेंच खरें वाटतें. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि १९८४ सालीं काँग्रेसच्या प्रचंड लाटेंतही दक्षिण मध्य मुंबईनें त्यांचे पुढारी दत्ता सामंत यांना लोकसभेवर पाठविलें.

संप मात्र फसला. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जागीं मनोरे आले. कामगारांचीं मुलें ठाणें, कल्याण, विरार इकडे राहावयास गेलीं, आणि त्यांचीं नांवें तिकडच्या याद्यांत लागलीं. २००८ सालीं मतदारसंघांची पुनर्रचना झाली. परळचा बराचसा भाग शिवडी मतदारसंघांत घातला गेला, आणि २००९ च्या निवडणुकीपासून विधानसभेच्या यादींत परळ ह्या नांवाचा मतदारसंघ राहिला नाहीं.